नाणं खरं, डबी खोटी

नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात माझ्या ओळखीचे एक म्हातारे सराफ आहेत. कोणी जुना चांदीचा रुपया घेऊन आलं की ते आधी तो पाहत नाहीत, ऐकतात. रुपया मधल्या बोटाच्या टोकावर तोलायचा, अंगठ्याच्या नखाने कडेला हलकी टिचकी द्यायची आणि मान किंचित तिरकी करायची. आवाज लांबत गेला तर म्हणतात "बोलतो", अर्ध्यात विझला तर "मुका आहे" म्हणून परत करतात. वजनकाटा त्यानंतर. भिंग सगळ्यात शेवटी, आणि तेही गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून.

गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे एक स्लॅब घेऊन गेलो. त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि सवयीने तिलाच टिचकी मारली. टक्क, एवढंच. "हे तर प्लास्टिक वाजून राहिलं," ते म्हणाले. "रुपया काय म्हणतो ते सांग ना."

त्या डबीचे मी बावीस हजार रुपये मोजले होते.

ज्यांना या नादाची बाधा नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाणं एका त्रयस्थ कंपनीकडे पाठवायचं. तिथले तपासनीस ते अस्सल आहे का पाहतात, झीज, ओरखडे आणि तकाकी बघून त्याला १ ते ७० मधला एक आकडा देतात, मग कडक पारदर्शक डबीत कायमचं बंद करून, वर लेबल आणि क्रमांक लावून परत पाठवतात. ही डबी म्हणजे स्लॅब आणि तो आकडा म्हणजे ग्रेड. या धंद्यातली दोन मोठी नावं अमेरिकेची: पीसीजीएस १९८६ साली सुरू झाली, एनजीसी १९८७ साली. आपल्याकडेही आता प्रदर्शनांत टेबलांवर डब्यांच्या रांगा दिसतात. पूर्वी विकणारा "शिक्का पाहा भाऊ" म्हणायचा. आता तो "ग्रेड पाहा" म्हणतो. या बदलाबद्दलच मला बोलायचं आहे.

माझ्या डबीत १८६२ सालचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया होता. लेबलवर एका परदेशी कंपनीचं नाव, एमएस-६२ हा ग्रेड आणि खाली क्रमांक. एमएस म्हणजे मिंट स्टेट, टांकसाळीतून निघाल्यावर कोणाच्या खिशात न खुळखुळलेलं नाणं. शहरातल्याच एका प्रदर्शनात, गर्दीत, ट्यूबलाइटखाली घेतला. मी या खेळात नवखा नाही, तीस वर्षं झाली. मोबाइलवर क्रमांक टाकून पाहिला, कंपनीच्या नोंदीत १८६२, रुपया, एमएस-६२ असंच आलं. पैसे दिले आणि खुशीत बर्डीवर तर्री-पोहे खाऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतल्या उन्हात डबी धरली. न वापरलेल्या चांदीच्या नाण्यावर उजेड फिरतो. नाणं जरा तिरपं केलं की चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे सरकत जातात. इथे काही सरकेना. सगळीकडे सारखाच पांढरा, मेलेला उजेड. भिंग लावलं तर राणीच्या गालावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा, कोणीतरी कपड्याने दाबून घासल्याच्या. मग कंपनीच्या नोंदीतला फोटो मोठा करून पाहिला. हे आदल्या दिवशी, पैसे देण्याआधी करायला हवं होतं, हे कळायला तीस वर्षांच्या अनुभवाची गरज नव्हती. फोटोतल्या रुपयावर मानेजवळ तपकिरी-निळसर डाग होता, माझा स्वच्छ. आणि ठिपके. १८६२ चा रुपया पुढे कित्येक वर्षं त्याच सालाने निघत राहिला. १८७४ मध्ये खरं साल छापायला पुन्हा सुरुवात होईपर्यंत आकडा बदलला नाही, मुंबईच्या टांकसाळीने तेवढा ठिपक्यांनी वर्षांचा हिशेब ठेवला. माझ्या रुपयावर सालाखाली ठिपके होते, फोटोतल्या रुपयावर एकही नव्हता. क्रमांक तोच, नाणं वेगळं. डबीच्या जोडावर एका कोपऱ्यात वाळलेल्या फेव्हिक्विकसारखा पांढुरका ओघळ होता, तोही आत्ताच दिसायचा होता.

विक्रेत्याला फोन केला. "भाऊ, नंबर तर मॅच होऊन राहिला ना? मग प्रॉब्लेम कशाचा आहे?"

म्हणून इतवारी. म्हाताऱ्यांनी नातवाला पक्कड आणायला सांगितली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी मान हलवल्यावर कट्ट करून डबी फोडली. रुपया बोटावर घेतला, टिचकी दिली. बारीक, लांब, थरथरता आवाज निघाला, दुकानातलं एक गिऱ्हाईकही वळून बघू लागलं. काट्यावर ११.६ ग्रॅम भरला, मूळ वजन ११.६६. "बोलतो बाप्पा," ते म्हणाले. "रुपया खरा आहे. घासूनघासून त्याची पार रया घालवली आहे, पण खरा आहे." चांदीचा भाव आणि वर थोडेफार, एवढीच त्याची किंमत.

नाणं खरं होतं, डबी खोटी होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण इथे उलटी झाली. हाती चांदीच होती, नाव तेवढं उसनं आणलेलं. खोटं नाणं पाडायचं तर ठसा कोरावा लागतो, धातू जमवावा लागतो, आवाज जुळवावा लागतो. खोट्या डबीला साचा आणि प्रिंटर पुरतो. ठग मंडळी हिशेबाला पक्की असतात. त्यांनी नाणं सोडून डबी बनवायला घेतली असेल, तर पैसा आता कुठे जाऊन बसला आहे हे त्यांना आपल्याआधी कळलेलं आहे. ही गोष्ट काही फक्त नागपुरातच घडली नाही. आपल्या डब्यांच्या नकला बाजारात आल्या आहेत असा इशारा पीसीजीएसने २००८ सालीच दिला होता. तेव्हापासून होलोग्राम आले, क्यूआर कोड आले, डबीत चिप आली. चोर-पोलिसांचा खेळ डबीभोवती चालू आहे, नाणं बिचारं मध्ये बसून बघतं आहे.

पण खोट्या डबीची तक्रार सोपी आहे, तिच्यावर कोणाचं दुमत होणार नाही. माझा वाद खऱ्या डबीशी आहे.

एका लेबलवर तीन वेगळी विधानं असतात आणि आपण तिन्हींचे पैसे एकाच श्रद्धेने मोजतो. हे नाणं अस्सल आहे, हे पहिलं. ते अमुक टांकसाळीचं, अमुक प्रकारचं आहे, हे दुसरं. आणि त्याची अवस्था बासष्ट आहे, हे तिसरं. पहिलं विधान खरं किंवा खोटं असतं, मध्ये काही नाही. वजन, धातू, ठसा, कड तपासून ते ठरतं. दुसरं अभ्यासाचं आहे. तिथे चुका होतात, लेबलवर साल किंवा प्रकार चुकीचा छापला जातो, आणि अशा छपाईच्या चुका कंपन्यांच्या हमीत सहसा बसतच नाहीत. तिसरं विधान हे मत आहे. जाणत्याचं मत असेल, प्रामाणिक असेल, पण मतच. बाजारात मात्र सगळ्यात जास्त पैसे या तिसऱ्यालाच पडतात. चौसष्ट आणि पासष्ट यांतला फरक साध्या डोळ्याला सांगता येत नाही, किमतीत तो दुप्पट-तिप्पट निघू शकतो.

हा आकडा आला कुठून ते पाहण्यासारखं आहे. विल्यम शेल्डन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, तांब्याच्या जुन्या अमेरिकन सेंटचे संग्राहक. १९४९ साली त्यांनी ही मोजपट्टी मांडली. ७० च का, तर १७९४ च्या मोठ्या सेंटचं उत्तमातलं उत्तम नाणं हे अगदी झिजलेल्या नाण्याच्या सत्तरपट किमतीला जातं, असा त्या काळचा त्यांचा हिशेब. म्हणजे मूळ आकडा अवस्थेचा नव्हताच, भावाचा होता. एका देशातल्या, एका धातूच्या, एका जातीच्या नाण्यांच्या एका काळातल्या भावाचा. तो भाव केव्हाच बदलला, आकडा राहिला आणि फिरत फिरत आपल्या व्हिक्टोरिया रुपयाच्या कपाळी येऊन चिकटला. जाता जाता सांगायला हरकत नाही: याच शेल्डन साहेबांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी आपल्याकडचे हलके ठेवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं. मोजपट्टी त्यामुळे खोटी ठरत नाही. पण तिच्यापुढे हात जोडून उभं राहण्याचं कारणही उरत नाही.

प्रत्यक्ष ग्रेडिंग कसं होतं? दोन-तीन तपासनीस एकमेकांचा आकडा न बघता नाणं पाहतात, शेवटी एक जण पक्कं करतो. नाणं कोणी पाठवलं हे त्यांना सांगत नाहीत. पद्धत चांगली आहे, मी तिची थट्टा करत नाही. पण एका नाण्याला नजर मिळते ती काही सेकंदांची, आणि माणसाची नजर सकाळी एक असते, जेवणानंतर दुसरी. हे विक्रेत्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तिकडे डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवायचा धंदा चालतो: त्रेसष्ट आलं, फोडा, परत पाठवा, कधीतरी चौसष्ट येईल. चौसष्ट आलं की थांबायचं. खाली घसरलेला आकडा घेऊन कोणी मिरवत नाही, वर चढलेला तेवढा बाजारात उरतो. मी शाळेत गणित शिकवायचो. एकाच पेपरला दोनदा तपासून वेगळे गुण मिळाले तर पालक दारात उभे राहतात. इथे दोनदा तपासून घेणं हाच हुशारीचा मार्ग मानला जातो.

खुद्द अमेरिकेतही याचा सोक्षमोक्ष लावायचा प्रयत्न झाला आहे. आमचं ग्रेडिंग वस्तुनिष्ठ आणि सातत्याचं असतं, अशा जाहिराती दिशाभूल करणाऱ्या आहेत, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० साली पीसीजीएसवर ठेवला. प्रकरण तडजोडीने मिटलं. पुढे २०२१ साली पीसीजीएसची मालक कंपनी गुंतवणूकदारांच्या एका गटाने विकत घेतली आणि त्याच वर्षी एनजीसीच्या मालक गटाचा मोठा हिस्सा ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने घेतला. यात काळंबेरं काही नाही, पण हे उंबरठ्यावर बसून रुपया वाजवणारे म्हातारबाबा नाहीत एवढं लक्षात असू द्यावं. नाणं पाठवणारा फी भरतो, महाग नाण्याची फी जास्त, आणि चांगला आकडा मिळाला तर तो पुन्हा येतो.

तरीही या कंपन्यांच्या बाजूची एक गोष्ट मोठी आहे, आणि ती बहुतेक लोक विसरतात: हमी. नाणं नकली निघालं किंवा ग्रेड उघडच चढा निघाला, तर आपल्या अटींनुसार त्या नुकसान भरून देतात. माझ्या मते डबीची खरी किंमत एवढीच आहे. आकडा हे मत, पण त्या मतामागे कोणीतरी स्वतःचे पैसे ठेवले आहेत. मत फुकट असतं तेव्हा सगळेच सढळ असतात.

आता हे सगळं इतवारीत आणून ठेवा.

आपल्या घरांतून जी चांदीची नाणी येतात ती कुठे होती? देवघरात. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आजीने ती चिंचेच्या पाण्यात टाकली, रांगोळीने घासली, पंचामृताने धुतली, हळद-कुंकू लावलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा घासली. पन्नास वर्षं. अमेरिकन पट्टीवर हे नाणं 'साफ केलेलं', म्हणजे त्याला सरळ आकडा मिळायचा नाही, 'डिटेल्स' असा शेरा बसतो. काही रुपयांना सराफांनी पारखण्यासाठी मारलेल्या खुणा असतात. काहींना माळेत ओवायला कडी लावलेली होती, ती काढल्यावर कडेला डाखाची खूण राहते. तिकडच्या हिशेबात हे सगळे दोष. मी त्यांना दोष म्हणायला तयार आहे, किंमत कमी होते हेही मान्य. पण 'डिटेल्स' या एका शेऱ्यात आजीची रांगोळी आणि कालच्या ठगाचं पॉलिश एकाच पंगतीला बसतं, हे मला पटत नाही. पारखी माणूस दोन्हींत फरक करतो.

आणि ही तरी यंत्राची नाणी झाली. आपल्या भोसल्यांच्या काळातला नागपुरी रुपया घ्या. हाताने ठोकलेला, मोगल बादशहाच्या नावाचा, आणि ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा. त्यामुळे अख्खा मजकूर कोणत्याच रुपयावर उतरत नाही. कुठे बादशहाचं नाव अर्धं, कुठे साल कडेबाहेर. हा रुपया घेताना जाणकार विचारतो: साल दिसतं का, टांकसाळ वाचता येते का? झिजलेला पण साल स्पष्ट असलेला रुपया हा चकाकत्या पण बिनसालाच्या रुपयापेक्षा कधीही बरा. १७९४ च्या सेंटसाठी कापलेला अंगरखा इथे बसायचा कसा?

त्यात कायद्याची गाठ आहे, तिच्याकडे विकणारे हमखास डोळेझाक करतात. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, आणि आता पंचम जॉर्जचे १९११ ते १९२२ मधले सगळे रुपयेही. ही रेघ दर वर्षी एकेक साल पुढे सरकते. सहाव्या जॉर्जचा १९३८ चा रुपया आज बाहेर पाठवता येईल, २०३८ नंतर नाही. मग तुमच्यासमोर परदेशी डबीत १८६२ चा रुपया आला तर तीनच शक्यता उरतात: तो मुळातच बाहेर होता आणि तिकडून इकडे आला, किंवा कोणीतरी कायदा मोडून पाठवून परत आणला, किंवा डबी माझ्यासारखी. विक्रेत्याला विचारा की हा देशात कसा आला. उत्तर मिळण्याआधी तो डोळे कुठे वळवतो तेही पाहा.

याच कायद्याचा आणखी एक परिणाम कोणी सांगत नाही. ग्रेडिंग कंपन्या एक यादी ठेवतात, कोणत्या नाण्याचे किती नग कोणत्या ग्रेडचे आले याची. विक्रेता तीच पुढे करतो: "सर, याच्यावरच्या ग्रेडचं जगात एकच पीस आहे." अमेरिकेच्या नाण्यांबाबत या यादीला काही अर्थ आहे, कारण तिकडे लोकांनी वर्षानुवर्षं नाणी पाठवली आहेत, फोडून पुन्हा पाठवलेली दोनदा मोजली गेली आहेत हे वजा करूनही. आपल्या जुन्या नाण्यांचं काय? ती कायद्यानेच पाठवता येत नाहीत. ती पेट्यांत आहेत, देवघरांत आहेत, लॉकरमध्ये आहेत. यादीत एकच नग आहे याचा अर्थ एकच नग पाठवला गेला. जे दुर्मिळ आहे ते नाणं नसून कुरिअरची पावती आहे, आणि लोक त्या पावतीचे लाख रुपये मोजतात.

बाहेरची वाट बंद, डब्यांची हौस वाढलेली. ही फट कोण भरणार? देशी डब्या. त्यात काही मंडळी खरोखर जाणकार आणि सरळ असतील, मी सगळ्यांना एका काठीने हाकत नाही. पण प्लास्टिकची डबी, लेबल प्रिंटर आणि इंग्रजी नाव एवढ्या भांडवलावर कोणीही 'सर्टिफाइड' होऊ शकतो. नाणं तपासणारा, डबी करणारा आणि विकणारा हे तिघे एकाच घरातले असले तरी विचारणारं कोणी नाही. याला त्रयस्थ कसं म्हणायचं? वरानेच वरपक्षाची चौकशी करून घेण्यातला प्रकार आहे. खालच्या पायरीवर तर निव्वळ लुटारूच आहेत: वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखात घेतो, फक्त आधी रिझर्व्ह बँकेचं कमिशन भरा, असं फोनवर सांगणारे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं की आपण अशा व्यवहारांत नाही आणि कोणाला असं शुल्क घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. संविधान चौकात, जुन्या तोंडी रिझर्व्ह बँक चौकात, जाऊन कोणी खिडकीवर विचारलं असतं तरी हेच कळलं असतं.

आता जरा दुकानाच्या दुसऱ्या गल्ल्याकडे वळा. त्याच सराफ्यात सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क लागतो. २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. शुद्धता कमी निघाली तर गिऱ्हाइकाला फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळावा अशी नियमांत सोय आहे. हॉलमार्कमध्ये काय काय गोंधळ होतात ते मला माहीत आहे, सराफ्यात बसून ते रोज ऐकायला मिळतं. पण त्यात एक शहाणपण आहे, आणि ते नाण्यांच्या धंद्याने उचलावं असं मला वाटतं. हॉलमार्क फक्त तेवढंच सांगतो जे मोजता येतं. दागिना सुंदर आहे की नाही, घडण नाजूक आहे की बोजड, यावर तो तोंड उघडत नाही. ते गिऱ्हाइकाने पाहावं.

नाण्यातही अस्सलपणा वेगळा काढा. तो तपासता येतो, सांगता येतो, आणि खोटा ठरला तर भरपाई मागता येते. हजारात ९१७ भाग चांदी असलेला रुपया पाण्यात तोलला तर घनता १०.३ च्या आसपास यायला हवी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली, त्या रुपयाची त्याहून बरीच कमी भरते. लोहचुंबक, काटा, पाण्याची वाटी, भिंग: या चार गोष्टींनी बाजारातले बरेच नकली रुपये पकडले जातात. उरलेल्यांसाठी, म्हणजे सोन्याच्या मोहरा, कोरून साल बदललेली नाणी आणि टांकसाळींनीच हौशी लोकांसाठी जुन्या ठशांवर पुन्हा पाडून दिलेली नाणी यांसाठी, खरा अभ्यासू डोळा लागतो. तो डोळा आपल्याकडे नाही असं कोणी म्हणू नये. १९३९ साली तऱ्हाळ्याला सापडलेल्या सातवाहनांच्या नाण्यांच्या साठ्यावर वा. वि. मिराशींनी लिहिलं, त्याला आता ऐंशीहून अधिक वर्षं झाली. अजयमित्र शास्त्रींनी आपल्याच विद्यापीठात नाणकशास्त्रावर आयुष्य घालवलं. अजब बंगला संग्रहालयात नाण्यांचा संग्रह आहे, शहरात पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची अख्खी संशोधन संस्था आहे. एखादी वस्तू पुरावशेष नाही असा दाखला पुरातत्त्व खातं आजही देतं. 'पुरावशेष नाही' हे जे सांगू शकतात ते, फी घेऊन, 'अस्सल आहे' हेही सांगू शकतील.

यावर मित्रमंडळी हसतात. सरकारी टेबलावर गेलेलं नाणं दाखला मिळेपर्यंतच झिजून जाईल म्हणतात. हसण्यासारखं आहेच. पण मी सरकारला ग्रेड द्यायला सांगत नाही. देव करो आणि कुठल्या खात्याने एमएस-६२ ठरवायला न बसो. अस्सल की नकली, एवढाच दाखला, फोटो आणि वजनासह, आणि तो महागड्या नाण्यांनाच लागेल. बाकीच्यांसाठी कायद्यातून एवढं आलं तरी पुरे: 'सर्टिफाइड' म्हणून विकणाऱ्याने नाणं कोणी तपासलं, तपासणारा स्वतः नाणी विकतो का, आणि खोटं निघालं तर पैसे कोण देणार, हे बिलावर लिहून द्यावं. विक्री बिलावर होत नाही, हा आक्षेप मी ऐकणार नाही. बावीस हजारांचा मोबाइल कोणी बिलाशिवाय घेत नाही.

डबीची गरजच नाही असं माझं म्हणणं नाही, नाहीतर लोक मला म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसवतील. पुण्या-मुंबईच्या लिलावातून घरबसल्या महाग मोहर घ्यायची तर हातात न धरता कशावर पैसे लावणार? तिथे जिच्यामागे हमी आहे अशी डबी हवी. आणि संग्राहक गेल्यावर त्याच्या बायकोमुलांना भंगाराच्या भावात फसवणारे टपलेलेच असतात, तिथे लेबल कामी येतं. पण शेपाचशेपासून दोन-पाच हजारांपर्यंतच्या रुपयाला, जो आपल्या गावातल्या बाजारात हातावर घेऊन पाहता येतो, डबी कशाला? ती आपल्याला नाण्यापासून तोडते. वाजवता येत नाही, तोलता येत नाही, कड धड दिसत नाही. आणि फोडली तर हमी संपते, म्हणजे तपासलं की पुरावा गेला. हे मला चांगलंच समजलं, कारण पक्कड वापरल्यानंतर मी त्या विक्रेत्याकडे पुन्हा गेलो होतो. "स्लॅब कुठे आहे?" त्याने विचारलं. मी तुकडे दाखवले. "फोडून टाकला? मग आता मी काय करू सांगा." आणि एका अर्थी तो बरोबर होता. अख्ख्या डबीचे फोटो काढून, कंपनीच्या नोंदीचा फोटो जोडून, आधी तक्रार करायची आणि मग इतवारीला जायचं, हा क्रम मला सुचला नाही.

यंदाच्या प्रदर्शनात मी प्रत्येक डबीवाल्याला एकच प्रश्न विचारत फिरलो: ही खोटी निघाली तर पैसे कोण देणार? एकाने कंपनीचं नाव सांगितलं, एकाने क्यूआर कोड दाखवला, एकाने "तुम्हाला घ्यायचंच नाही वाटतं" म्हणून डबी मागे ओढली. कोपऱ्यात उमरेडकडचे एक गृहस्थ बसले होते, समोर जुनी लाल मखमल आणि तिच्यावर मोकळे रुपये. त्यांनाही तोच प्रश्न विचारला. "मी देईन ना, आणखी कोण?" ते म्हणाले आणि बिलबुक उघडलं. बॉलपेन दोनदा झटकून लिहिलं: रुपया १९१८, पंचम जॉर्ज, मुंबई टांकसाळ, अस्सल, पूर्वी घासलेला, कडेला सराफाची खूण. नकली निघाल्यास पूर्ण पैसे परत. खाली सही, मोबाइल नंबर, तारीख.

मी रुपया बोटावर घेतला आणि टिचकी मारली. त्यांनी लिहिणं थांबवून कान दिला, मीही.